चेन्नईत सुवर्णपदक मिळालं ती सकाळ

रुपालीला पोहायला मेंढरांनी शिकवलं, असं वळसंगात लोक गमतीनं सांगतात. त्यात खोटं फारसं नाही. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. तिचा बाप महिपती ती गावाबाहेरच्या तळ्यात धुवायचा. एकेक मेंढरू पाण्यात ढकलायचं आणि पलीकडच्या काठाला लावायचं. आठ वर्षांची रुपाली मेंढराची मान धरून दिवसभर पाण्यात इकडून तिकडे करायची. दहावीनंतर ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. सायकलनं जायची, सायकलनं यायची.

त्या रस्त्यावर चनबसप्पा सरांनी तिला पाहिलं. सर सोलापुरातल्या एका शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. रोज सकाळी कुंभारीपर्यंत सायकल मारायचे. एक दिवस चपला घातलेली, दांड्याला डबा अडकवलेली एक मुलगी त्यांच्या गियरच्या सायकलला मागं टाकून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सरांनी तिला कारखान्याच्या गेटवर गाठलं.

"पोहता येतं का तुला?"

"मेंढराएवढं येतं की."

त्याच रविवारी सर वळसंगला घरी आले. ट्रायथलॉन म्हणजे काय ते त्यांनी महिपतीला समजावलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं; मधे थांबायचं नाही.

"आन मग?" महिपतीनं विचारलं.

"मग काय, संपलं."

महिपती हसला. "मंग न्या की. हे तर आमी रोजच करतुया."

पुढची सहा वर्षं सरांनी तिला घडवलं. पहाटे हिप्परगा तलावात पोहणं, मग सायकल, सायकलवरून उतरलं की लगेच पळणं. उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, त्या लाकडी पायांनीच पळायला शिकावं लागतं. ती शिकली. आधी राज्यात तिसरी आली, मग पहिली. क्रीडा कोट्यातून तिला सोलापुरातच सरकारी नोकरी लागली. तेविसाव्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेसाठी चेन्नईला गेली.

स्पर्धेच्या दिवशी समुद्र खवळलेला होता. पाण्यातून ती सहावी बाहेर आली, सायकलवर तिसरी झाली, आणि शेवटच्या दोन किलोमीटरला तिनं पुढच्या दोघींना मागं टाकलं. फिनिश लाइन ओलांडून ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. सर पाण्याची बाटली घेऊन आले. तिला वाटलं, सर नाचतील. सरांनी बाटली दिली, ती पिईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "रुपाली, तुझे वडील गेले."

"कधी?"

"पहाटे. मेंढरं सोडायला उठले, तिथंच बसले. अटॅक आला."

"तुमाला कधी कळलं?"

"पोहायला उतरायच्या आधी."

"मला सांगायचं न्हाई हे कुणी ठरवलं?"

सरांनी तिच्या हातातली बाटली घेऊन झाकण लावलं. मग म्हणाले, "मी."

पदक घेताना ती हसली, कारण फोटोवाल्यानं हसायला सांगितलं. रात्रभर रेल्वेत बसून ती वळसंगला पोचली तोवर माती होऊन गेली होती. आई अंबुबाई भिंतीला टेकून बसली होती. बायका रुपालीच्या गळ्यात पडून रडल्या. रुपाली त्यांना धरून उभी राहिली. तिला रडू आलं नाही. दिवस घातल्यावर येईल असं वाटलं, तेव्हाही आलं नाही.

महिनाभरानं ती सरांच्या घरी गेली आणि म्हणाली, "मी आता दुसरीकडं शिकते."

"शीक की," सर म्हणाले. एवढंच.

बंगळुरूच्या एका क्लबनं तिला करारावर घेतलं. नोकरीतून बिनपगारी रजा काढून ती पूर्ण वेळ खेळाडू झाली. पुढची सहा वर्षं तिची सगळ्यात चांगली वर्षं, असं तिच्या कामगिरीचा तक्ता पाहून कुणीही म्हणेल. पुन्हा दोनदा राष्ट्रीय विजेती. मलेशियात रौप्य. कोरियात पाचवी. नवीन प्रशिक्षक तिचं कौतुक करायचे, की हिच्याइतका त्रास सहन करणारी खेळाडू पाहिली नाही. ती खरं सांगायची नाही. तिला त्रासच होत नव्हता. पाणी गार आहे हे कळायचं, पण गार वाटायचं नाही. जिंकल्यावर बाकीच्या मुली जमिनीवर लोळायच्या, आईला फोन लावून रडायच्या. रुपाली पायाची वेळ मोजायची चिप काढून परत द्यायची, केळं खायची आणि सायकल खोलून पेटीत भरायला बसायची. आईला रात्री फोन करायची.

"आली का पैली?" अंबुबाई विचारायची.

"व्हय."

"जेवलीस का?"

"जेवले."

सणाला घरी यायची, दोन दिवस राहायची, जायची. सोलापूर स्टेशनवर एकदा चनबसप्पा सर समोरून येताना दिसले. ती पुलावरून दुसऱ्या बाजूला उतरली.

एकोणतिसाव्या वर्षी थायलंडमधल्या शर्यतीत पळताना तिच्या लक्षात आलं, की डावा पाय नीट पडत नाही. पाय मुरगळला असेल समजून ती पळत राहिली. सातवी आली. तंबूत डॉक्टरीणबाईंनी नडगीवर बोट ठेवलं, मग एक्स-रे काढायला पाठवलं. हाड मोडलं होतं. ती त्याच पायावर चार किलोमीटर पळाली होती.

डॉक्टरीणबाईंनी दुभाष्याकडून विचारलं, "तुम्हाला दुखलं नाही?"

रुपालीनं आठवून पाहिलं. "दुखलं असेल," ती म्हणाली.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. हाड जुळलं, पण वाकडं. क्लबनं करार वाढवला नाही. यात कुणाची चूक नव्हती, आणि तिनंही भांडण केलं नाही. पायाला प्लास्टर, काखेत कुबड्या, अशी ती वळसंगला आली.

एका दुपारी अंबुबाई शेजारी बसून शेंगा फोडत होती. तिनं विचारलं, "मोडल्या पायानं पळलीस म्हनं. सिदू सांगत हुता." सिदू म्हणजे रुपालीचा धाकटा भाऊ, मेंढरं आता तोच बघतो.

"व्हय."

"आन दुखलं न्हाई?"

"न्हाई."

अंबुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "असं कसं गं दुखत न्हाई माणसाला?"

रुपालीनं एक शेंग उचलून फोडली. मग अंबुबाई म्हणाली, "तुझ्या बाच्या येळंला सरास्नी म्या फोन लावला हुता. म्याच सांगितलं, पोरीला सांगू नगासा, तिचं पळनं हुदे. सर नगं म्हनत हुते. तिला कळाया पायजे म्हनत हुते. म्या शपत घातली. माजं नाव बी सांगू नगासा म्हनलं."

"सा वर्सं झाली, आये."

"आज सांगीन, उद्या सांगीन म्हनत ऱ्हायलं बग."

प्लास्टर निघाल्यावर रुपाली एसटीनं एमआयडीसीत उतरली. सर मुलाच्या टॉवेलच्या युनिटवर बसतात, असं तिला कळलं होतं. आत माग चालू होते, बोललेलं काही ऐकू येईना. सरांनी तिला पाहिलं, तिच्या पायाकडं पाहिलं, आणि हातानंच बाहेर चल म्हणून खुणावलं. बाहेर लिंबाखाली दोन खुर्च्या होत्या.

"आयेनं सांगितलं," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. "बरं झालं. तिच्या जिवावर ओझं होतं."

"तुमी तवाच का न्हाई सांगितलं मला?"

"तुला कुणावर तरी रागवायचंच होतं. आई आधीच एकटी पडली होती, तिच्यावर रागवून कसं चाललं असतं? माझ्यावर रागावलीस तर काय बिघडतंय?"

ती म्हणाली, "मी तुमच्यावर रागावले नव्हते, सर. मला काय वाटतच नव्हतं." मग विचारलं, "फोन आल्यावर तुमी काय केलं?"

"तुझ्या चाकात हवा भरली. भरलेलीच होती. सोडून पुन्हा भरली. तू आलीस, म्हणालीस, सर वारा लई आहे. मी म्हटलं, हो. दुसरं काय करायचं ते मला सुचेना."

माफी मागावी असं तिनं येताना ठरवलं होतं, पण ते शब्द निघाले नाहीत. सरांनीही वाट पाहिली नाही. आतून डबा आणला, एक भाकरी तिच्या हातावर ठेवली, वर शेंगाचटणी. दोघं जेवले.

रुपाली पुन्हा नोकरीवर रुजू झाली. आठवड्यातून तीन सकाळी ती शहरातल्या जलतरण तलावावर बायकांना पोहायला शिकवते. चाळिशीच्या, पन्नाशीच्या बायका, पाण्याला भ्यालेल्या. सरांनीच तो वर्ग तिला लावून दिला. बायका पदकांबद्दल विचारतात, तेव्हा ती साल आणि गाव सांगते. तेव्हा कसं वाटलं होतं, असं एकीनं विचारलं. रुपाली म्हणाली, माहीत नाही. मग तिनं त्या बाईला पाण्यात उताणं केलं, पाठीखाली हात धरला आणि कान पाण्यात जाऊ द्या म्हणून सांगितलं.