अध्यक्षांना खाली बसवायचा सत्कार

त्या सत्काराची आठवण आली की मला अजून शिसारी येते. लोकांची येतेच, पण त्याहून जास्त माझ्या स्वतःच्या तोंडाची येते. माणूस दुसऱ्याला नावं ठेवून मोकळा होतो. स्वतःचं तोंड मात्र रोज धुवावं लागतं.

आमचं गाव घाटनांदूरच्या अलीकडे. गावात मेंढपाळांची एक सहकारी संस्था आहे. त्या संस्थेला सरकारी गायरानातलं चाळीस एकर कुरण करारानं मिळालेलं होतं, आणि गावातली मेंढरं त्याच्यावरच जगायची. माझ्या धाकट्या दिराची सत्तर मेंढरंही त्यातच. अध्यक्ष सोडून संस्थेचे नऊ संचालक, त्यात बाईसाठी एक जागा राखीव, ती माझ्या वाट्याला आली. मी अंबाजोगाईला बी.ए. केलेलं, म्हणून सासऱ्यांनी माझं नाव दिलं. तसं पाहिलं तर सही बायकोची आणि बोलणं नवऱ्याचं, असंच सगळीकडे चालतं. पण माझे मालक परळीच्या वीज केंद्रात कामाला, त्यांच्या पाळीचा भरवसा नाही. म्हणून मीच मीटिंगला जाऊन बसायला लागले. पहिल्या मीटिंगला सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू मी चुकून आत आलेय.

अध्यक्ष तीसेक वर्षं एकच. आम्ही संचालक त्यांना आबा म्हणायचो, बाकी सगळं गाव अध्यक्ष म्हणायचं. त्यांची बायकोसुद्धा जेवायला वाढल्यावर "अध्यक्ष, उठा" म्हणायची. ऐंशी केव्हाच ओलांडलेली. खोटं कशाला बोलू, ते कुरण त्यांनीच आणलं होतं. जवानीत तालुक्याच्या कचेरीपुढे मेंढरं नेऊन बसवली होती म्हणे, आणि साहेब बाहेर येईपर्यंत हलले नव्हते. पण ते तेव्हाचं झालं. मी बघितले ते अध्यक्ष मीटिंग सुरू झाली की हनुवटी छातीवर टेकवायचे आणि सचिवानं शेवटचा ठराव वाचला की डोळे न उघडता "मंजूर" म्हणायचे. एका वर्षी पावसाळ्याआधी जनावरांचे डॉक्टर लस घेऊन येणार होते. निरोप अध्यक्षांकडे आला आणि त्यांच्याकडेच राहिला. डॉक्टर येऊन, देवळापुढे बसून, चहा पिऊन गेले. त्या पावसाळ्यात माझ्या दिराची अकरा मेंढरं गेली.

पारावरच्या चहाच्या टपरीवर रोज हीच चर्चा. "म्हातारं आता बसवा बे." "मागच्या मीटिंगीत मलाच माझं नाव इचारलं." "संस्था बुडवल्याबिगर सोडत न्हाई हे." आणि अध्यक्षांच्या नातवाची मोटारसायकल वळणावर दिसली की हेच लोक चहाचा ग्लास बाकड्याखाली सारून उभे राहायचे. मागे बसलेल्या अध्यक्षांच्या पायाला हात लावायला रांग. "आबा, तब्येत काय म्हन्ती? जवान झाले की तुमी."

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. अध्यक्षांची मुदत संपून नवीन अध्यक्ष निवडायचा होता उन्हाळ्यात, आणि कुरणाचा करार संपत होता आषाढात. कराराचा अर्ज अध्यक्षांच्या सहीनं, अध्यक्षांनी स्वतः कचेरीत नेऊन द्यायचा, असा नियम. मूळ कागद आबांच्या पेटीत. सचिवानं मागितले तर म्हणाले, "मी साहेबास्नी बोललोय. काम झालंय असं समज."

ज्या साहेबांचं ते नाव घेत होते ते साहेब आधी रिटायर झाले होते आणि नंतर वारले होते. त्यांच्या तेराव्याला आबाच जीप करून गेलते, आमच्यातले चौघे त्यांच्याबरोबर होते. त्या चौघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. एक जण छताकडे बघत होता, दुसऱ्यानं तंबाखू काढली. मीही सचिवाच्या रजिस्टरकडे बघत बसले.

कुरणावर सौर प्रकल्पवाल्यांचा डोळा आहे, हे तोपर्यंत गावाला कळलं होतं. पांढऱ्या गाडीतून माणसं येऊन मोजमापं घेऊन गेली होती. म्हणजे हिशेब सरळ होता. आषाढाच्या आत नवा अध्यक्ष बसला आणि त्यानं सही करून अर्ज दिला, तर कुरण राहणार. नाहीतर गेलं.

नव्या अध्यक्षासाठी माणूसही ठरला होता. आमच्या नऊ जणांतलाच, चाळिशीतला, कचेरीत ऊठबस असलेला, बोलायला नीट. नऊपैकी सहा जण त्याच्या बाजूचे. हात वर केले की विषय संपला. पण हात वर कोण करणार? आमच्या संस्थेत कधी मतदान झालेलंच नाही. म्हाताऱ्या माणसाविरुद्ध हात वर केला तर भावकीत लग्नाकार्याला कुणी पान मांडायचं नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर सगळ्यांना होती, फक्त दुसऱ्याच्या हातानं.

मग त्या नव्या माणसानंच तोड काढली. "आपण आबांचा सत्कार करू. लई मोठा. मान देऊन खाली बसवू. मास्तर लोकांचं न्हाई का, शाल-नारळ दिलं की मास्तर आपोआप घरी जातो."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, हे लिहिताना मला लाज वाटते. शाल मास्तरांची, आपण मेंढपाळ, आपण काठी आणि घोंगडं द्यायचं, असं ठरलं. घोंगडं कुणाकडून विणून घ्यायचं, काठी कसली, फेटा कुणी बांधायचा, यावर दोन तास गेले. आणि सत्कारात आबांना "आता तुम्ही आराम करा, कागद आमच्याकडे द्या" हे वाक्य कोण बोलणार, यावर सगळे मूग गिळून बसले. शेवटी एक जण माझ्याकडे वळला. "वैनी, तुमी बोला. शिकलेल्या हाव. बाईमाणसावर आबा चिडायचे न्हाईत."

आठ बाप्ये, मिशांना पीळ देणारे, आणि एक वाक्य बोलायला पदरवाली पुढे. तेव्हाच मी उठून जायला हवं होतं. पण मला बरं वाटलं. कुणीतरी आपल्याला काहीतरी बोल म्हणतंय याचंच बरं वाटलं. मी हो म्हणाले.

सत्काराच्या दिवशी सकाळी दीर मेंढरं सोडायच्या आधी दारात आला. तो कमी बोलतो. मेंढरांशी बोलून त्याचं बोलणं संपत असावं. "वैनी, कुरणाचं तेवढं बोला बरं का. भ्याऊ नका." मी म्हणाले, "बोलते की." वाक्य मी कागदावर लिहून ब्लाउजमध्ये ठेवलं होतं.

देवळापुढे मांडव. मधोमध खुर्ची, तिच्यावर टॉवेल. आबांना नातवानं धरून आणलं. फेटा बांधला तेव्हा त्यांची मान त्या वजनानं जरा हलत होती. मग भाषणं सुरू झाली. जो माणूस टपरीवर "संस्था बुडवली" म्हणायचा तो म्हणाला, "आबा म्हंजी आमचा बाप. आबा न्हाईत तर संस्था न्हाई." ज्याला आबांनी त्याचंच नाव विचारलं होतं तो म्हणाला, "एवढ्या वयात एवढी याददाश्त मी कुठं बघितली न्हाई." लोक टाळ्या वाजवत होते. ज्याला अध्यक्ष व्हायचं होतं त्यानं तर कमाल केली. आबांच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "तुमची सावली आमच्यावर अजून शंभर वर्षं ऱ्हावी."

अरे, मग खाली बसवायचं कुणाला होतं?

माझं नाव पुकारलं. मी उठले. आबा माझ्याकडे बघून हसले. दात नव्हते, डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मला ओळखत होते की नाही ते कळत नव्हतं. पुढच्या रांगेत त्यांची बायको नवं लुगडं नेसून बसलेली. मागे, मांडवाच्या बांबूजवळ, मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून माझा दीर येऊन उभा होता. मी कागद काढलाच नाही. मी म्हणाले, "आबांनी आम्हा महिलांना पुढं आणलं. त्यांनी आम्हाला असंच मार्गदर्शन करत राहावं."

असंच. करत. राहावं. तीन शब्द. ते माझ्याच तोंडातून आले, दुसऱ्या कुणी माझा गळा धरला नव्हता. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात त्या आठ जणांनीच वाजवल्या, कारण आता त्यांचीही सुटका झाली होती. मी मागे बघितलं तेव्हा दीर जायला निघाला होता.

मग आबांच्या खांद्यावर घोंगडं टाकलं आणि हातात काठी दिली. आबांनी ती काठी जमिनीवर दोनदा आपटून बघितली. मेंढका नवी काठी तशीच बघतो. आणि ते उठले. कुणी न धरता उठले. म्हणाले, "मी दमलोय. मला वाटत हुतं, तुमी आज मला बस म्हंताल. पर तुमी काठी दिली. आपल्यात काठी घरी बसायला देत न्हाईत. काठी दिली म्हंजी मेंढरं हाका म्हंता. तुमचा सगळ्यांचा एवढा आग्रह हाय, तर हाकतो अजून पाच वर्षं."

आमच्यात म्हातारा मेंढका थकला की पोरगा त्याच्या हातातली काठी काढून घेतो. काढून घेतो, देत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि नऊ संचालकांनी दोन तास बसून काठीचं लाकूड ठरवलं, पण हे एकालाही आठवलं नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मांडवात शिट्ट्या वाजल्या. गुलाल कुणी आणला होता देव जाणे, पण तो उधळला गेला.

आठ दिवसांनी बिनविरोध निवड झाली. अर्ज एकच आला. पहिला हार घातला तो त्या चाळिशीतल्या माणसानं. दुसऱ्या दिवशी टपरीवरून जाताना माझ्या कानावर आलं, "म्हाताऱ्याला बसायची अक्कल पायजे हुती." मला तिथंच थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, कारण थुंकायचं तर आधी आरशात थुंकावं लागलं असतं.

नंतर मी तीनदा आबांच्या घरी गेले, सही घ्यायला. पहिल्यांदा ते म्हणाले, "साहेबास्नी बोललोय." दुसऱ्यांदाही तेच. साहेब वारले, आबा, एवढं बोलायचं होतं. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला, मी तो पिऊन आले. तिसऱ्यांदा ते झोपले होते आणि पेटीची किल्ली त्यांच्या करदोट्याला होती. बाकीच्या आठांना मी म्हणाले, चला सगळे मिळून जाऊ. एकाच्या घरी बारसं निघालं, एकाला ताप आला, एकाचा फोन लागलाच नाही.

आषाढ संपला. श्रावणात कचेरीचं पत्र आलं, आणि भाद्रपदात कुरणाभोवती खांब उभे राहिले. खांबांना तार लागली. दीर मेंढरं रस्त्याच्या कडेनं फिरवायला लागला. पण दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं, शेतकरी दगड घेऊन धावायचे, आणि परळीकडून येणारे राखेचे ट्रक हॉर्न वाजवून मेंढरं उधळायचे. महिन्याभरात मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. मला वाटलं, तो मला काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो फक्त दारावरून जाताना "वैनी, पाणी द्या" म्हणायचा, आणि पिऊन पुढे जायचा.

एका बाजाराच्या सकाळी त्यानं टेम्पो बोलावला. सगळी मेंढरं विकायची ठरवली होती. मी आणि तो मिळून एकेक मेंढरू वर चढवत होतो. शेवटची चार-पाच राहिली असताना मोटारसायकल आली. मागे आबा. खांद्यावर तेच घोंगडं.

माझ्या मनात आलं, आता हा बोलेल. आम्ही कुणी बोललो नाही, पण हा बोलेल. ह्याचं तर सगळंच गेलंय, ह्याला आता कुणाची भीती. आणि खरंच सांगते, मला आतून वाटत होतं की त्यानं बोलावं, सगळं बोलावं, माझ्यासकट सगळ्यांची नावं घेऊन बोलावं.

दिरानं हातातलं मेंढरू सोडलं, हात धोतराला पुसले, पुढे होऊन आबांच्या पायाला हात लावला.

आबा टेम्पोकडे बघून खूश झाले. "लई झाली की रं मेंढरं. कुठं चारतूस सध्या?"

"तुमच्या कुरणातच की, अध्यक्ष," माझा दीर म्हणाला, आणि सोडलेलं मेंढरू पुन्हा धरायला वळला.