प्रवाह उलटा केल्यावर

साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलकडे जाणाऱ्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या नागपूरच्या बाईंचं नाव मी दोन वर्षांत विचारलं नाही. त्या विद्यापीठात संशोधन करायच्या. "असं आहे" असं कधी म्हणायच्या नाहीत. "असं मला दिसलं" म्हणायच्या, अगदी हवेबद्दल बोलतानाही.

केसाहून कितीतरी पातळ अशा धातूच्या थरात चुंबकत्वाचे सूक्ष्म भोवरे तयार होतात, त्यांना स्कर्मिऑन म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. विजेचा प्रवाह सोडला की ते सरकतात, पण जरा तिरके. हे सांगताना त्यांनी खिडकीवरच्या वाफेत बोटाने तिरकी रेघ ओढली होती.

मार्चमध्ये, वीज हे भोवरे कसे हलवते यावरचा त्यांचा पेपर एका शोधपत्रिकेत स्वीकारला गेला. विद्यापीठातलं त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढणं त्यावरच अवलंबून होतं. पुढच्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी पेपर मागे घेतला."

"का हो?"

"काल प्रवाह उलटा करून बघितला. भोवरेही उलटे जायला हवे होते, पण ते पहिल्याच दिशेला गेले. प्रवाह कुठल्याही दिशेनं सोडला तरी थराची एकच बाजू जास्त तापत होती. त्यांना वीज नाही, ती उष्णता हलवत होती."

"सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

प्रश्नच समजला नसावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ओशाळल्यासारखं झालं.

"मग कॉन्ट्रॅक्ट?"

"जूनमध्ये संपतंय," त्या म्हणाल्या, आणि पुढे सरकून बसत हलक्या आवाजात बोलू लागल्या, "पण नुसत्या उष्णतेनं भोवरे चालतात कसे, हे जूनपर्यंत बघता येईल."