आभाळावर टाकलेला आकडा

तांब्याच्या तारेनं माझी वांगी तसूभरही वाढली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. उगवला तो फक्त सूड, आणि तो मात्र झकास आला.

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. कुंडीत काठी रोवायची, तिला तांब्याची तार गुंडाळायची, टोक आभाळाकडे ठेवायचं. हवेतली वीज तारेतून मातीत उतरते आणि झाडं जोमानं वाढतात म्हणे. मी मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तार आणली आणि पुंडलिकनगरच्या आमच्या गच्चीवर वांग्यांच्या कुंड्यांत बांबू उभे केले. शेजारचे भाऊ निवृत्त, मूळचे फुलंब्रीकडचे. दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आणि तिच्यापलीकडे त्यांचे गुलाब.

"ताई, हे काय लावलं?"

"वीज घेते झाडांना. फुकटात."

बांबू, तार आणि फुकटची वीज. आमच्याकडे याचा अर्थ एकच, आकडा. खांबावरच्या तारेवर आकडा टाकून लोक चोरून मोटार चालवतात, तोच. भाऊंनी पुढे काही विचारलं नाही, थेट लाईट ऑफिसात तक्रार केली.

भर दुपारी जीप आली. सगळी गल्ली दारात उभी. "आकडा कुठंय?" साहेबांनी विचारलं. मी आभाळाकडे बोट दाखवलं, तो त्यांना उद्धटपणा वाटला. त्यांच्या माणसांनी मीटर तपासला, बांबू उपटले आणि त्यांच्यासोबत फुलावर आलेली वांगीही. काही सापडलं नाही, तशी जीप गेली. पण जीप आलेली सगळ्यांनी पाहिली होती. काही सापडलं नाही हे सांगत कोण फिरणार? भाजीवालीसुद्धा मला 'आकडेवाली ताई' म्हणू लागली. जन्मभर शाळेत पोरांना प्रामाणिकपणा शिकवला आणि आता मी वीजचोर! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी पुन्हा बांबू रोवले. या वेळी भिंतीला लागून, तारेची टोकं भाऊंच्या गुलाबांकडे वळवून. मग ते गच्चीवर असताना फोनवर बहिणीला मोठ्यानं सांगितलं, "तार वळवली त्या बाजूची सगळी वीज ओढून घेते गं. तिकडची झाडं सुकून जातात."

काही दिवसांनी गुलाब खरंच माना टाकू लागले. भाऊंनी ताजं शेण घातलं होतं, त्यानं मुळं जळाली होती. मला दिसत होतं. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

शेवटी ते दारात आले. "ताई, तार जरा तिकडं फिरवा की. गुलाब लई सुकायलेत."

"आधी घरोघर जाऊन सांगा, ही बाई चोर नाही म्हणून. मग बघू."

गेले. मी गॅलरीत कान देऊन उभी. समोरच्याच दारात ते म्हणाले, "ताईनं सरकारची वीज चोरली नाय बरं का. माझीच चुकी झाली. ती माझ्या गुलाबांची चोरायली."

म्हणजे चोर ती चोरच! मी चिडून खाली ओरडणार होते. तेवढ्यात समोरच्या बाईनं माझ्या गच्चीकडे पाहिलं आणि दारातली तुळस उचलून घरात नेली. भाऊ पुढच्या दारात गेले, तिथला मोगरा आत गेला. जीप आली त्या दिवशी याच दारांत उभं राहून सगळे दात काढत होते. मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तार मी फिरवली नाही.