भाऊ नर्सिंगला गेला

माझा भाऊ बारावी पास झाला तेव्हा त्याने पुढे काय करायचं हे आमच्या घरात आधीच ठरलेलं होतं. नाना, म्हणजे आमचे वडील, तरुणपणी कुस्ती खेळायचे. चोपडा तालुक्यातल्या जत्रांमधल्या त्यांच्या कुस्त्या गावातली जुनी माणसं अजून सांगतात. आता ते केळीचा टेम्पो चालवतात, पण खांदे तसेच आहेत. भाऊ अंगाने त्यांच्यावरच गेलेला. त्याने पोलिसात जायचं, असं नानांनी तो दहावीत असतानाच सगळ्या पाहुण्यांना सांगून टाकलं होतं.

निकाल लागला आणि भाऊच्या वर्गातली मुलं पांगली. एक फैजपूरला इंजिनियरिंगला गेला, एक वडिलांच्या कापसाच्या व्यापारात बसला, दोघं सैन्याच्या भरतीसाठी रोज सकाळी सडकेवर पळायला लागले. भाऊही त्यांच्याबरोबर पळायचा, म्हणून आम्हाला काही संशय आला नाही. मग एकदा जेवताना तो म्हणाला, "नाना, मी नर्सिंगले जासू."

नानांना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ते म्हणाले, "ते बायास्नं काम शे."

"माणसंबी करतस, नाना."

"बठ्ठा गाव हासी." सगळं गाव हसेल, याचीच त्यांना धास्ती होती.

भाऊचं मात्र ठरलेलं होतं. त्याच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला माहीत होतं. अकरावीत असताना त्याच्या मित्राचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला होता. मित्राच्या घरी धावपळ करणारं कुणी नव्हतं, म्हणून भाऊ त्याच्यासोबत जळगावच्या दवाखान्यात राहिला. तिथे एक पुरुष नर्स मित्राची जखम धुऊन पट्टी बदलायचे. परत आल्यावर भाऊ मला त्यांच्याबद्दलच सांगत होता. ते कसे आधी पेशंटशी दोन शब्द बोलतात, मग हात लावतात. "दुखणारच असेल तर तसं सांगतात. खोटं नाही बोलत," तो म्हणाला. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

शेवटी मायने नानांची समजूत काढली. समजूत कसली, माय एवढंच म्हणाली की पोरगा चोरी करायला जातो आहे का. भाऊला धुळ्याला प्रवेश मिळाला. नाना त्याला सोडायला गेले नाहीत. स्टँडवर मी गेले.

गाव हसलं खरंच. भाऊ सुट्टीत आला की चहाच्या टपरीवर पोरं त्याला 'सिस्टर' म्हणून हाक मारायची. भाऊ शांतपणे सांगायचा, "सिस्टर नही, तठे ब्रदर म्हनतस," आणि त्यांच्यातच बसून चहा प्यायचा. हे मला कधीच जमलं नसतं. मी असते तर त्या रस्त्याने जाणंच सोडलं असतं. नानांना कुणी विचारलं तर ते "धुळ्याला शिकतो" एवढंच म्हणायचे, आणि पुढचा प्रश्न येण्याच्या आत टेम्पोचं काहीतरी काम काढायचे.

भाऊ शेवटच्या वर्षाला होता, शिकता शिकता दवाखान्यात ड्युटी करत होता, तेव्हा नानांना टेम्पोच्या एका पार्टसाठी धुळ्याला जावं लागलं. माझी बारावी नुकतीच झाली होती. मायने भाऊसाठी डबा दिला होता, तो पोचवायला म्हणून मीही गेले. नाना म्हणाले, तू दे डबा, मी दवाखान्याबाहेर थांबतो. पण फाटकाजवळ सावली नव्हती, म्हणून ते आत आले.

भाऊ पुरुषांच्या वॉर्डात होता. त्याच्यासमोरच्या खाटेवर पिंपळनेरकडच्या डोंगरातले एक आजोबा होते. खुब्याचं हाड मोडलेलं, अंगाने चांगलेच भारी. त्यांची पाठ पुसायची होती, खालची चादर बदलायची होती, आणि त्यांना कुशीवर धरायला दुसरं माणूस हवं होतं. वॉर्डबॉय कुठेतरी गेला होता. आजोबांचं जवळचं कुणी दिसत नव्हतं. भाऊने आम्हाला दारात पाहिलं. जरा थांबला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "नाना, हात धुई या. मदत लागी."

नाना माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी खरंच कोपऱ्यातल्या नळावर हात धुतले.

"कुठे धरू?" त्यांनी विचारलं.

भाऊने दाखवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, मोडलेल्या पायाला धक्का नको, ओढायचं नाही, भाऊबरोबरच वळवायचं. नानांनी आयुष्यभर माणसं धरली होती, ती चीत करायला. त्या दिवशी त्यांनी एका अनोळखी म्हाताऱ्याला अंगाशी धरून ठेवलं, आणि भाऊ ओल्या फडक्याने त्याची पाठ, मांड्या, सगळं स्वच्छ पुसत राहिला. आजोबांना शौच झालं होतं. भाऊने तेही पुसलं, आणि पुसताना त्यांना गावाकडच्या नदीला पाणी आहे का, बैल कोण बघतं, असं विचारत राहिला. आजोबा त्यांच्या बोलीत उत्तरं देत होते. भाऊला त्यातलं बरंच समजत होतं, हे मला नवीन होतं. चादर बदलून झाली तेव्हा नानांच्या कपाळावर घाम होता. आजोबांनी नानांचा हात बराच वेळ सोडला नाही.

नंतर व्हरांड्यातल्या बाकावर भाऊ डबा खायला बसला. नाना त्याच्याकडे बघत होते.

"रोज करस हाई?"

"हां, रोज."

"किळस नही वाटस?"

"पहिले वाटे. आते नही."

भाऊच्या डब्यात भाजी संपत आली होती. नानांनी मला सांगितलं की जा, बाहेरून याच्यासाठी काहीतरी गोड घेऊन ये.

परतीची बस अमळनेरला पोचली. तेव्हा अचानक नानांनी मला विचारलं, "तुले काय शिकनं शे?"

तोपर्यंत मला हे कुणी विचारलं नव्हतं. चोपड्यात कॉमर्सला जायचं, असं घरात धरूनच चाललं होतं. मी घाबरत सांगितलं की मला आयटीआयला जायचं आहे, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला. नाना थोडं हसले. "जाय," ते म्हणाले. आज मी जळगावला एका कारखान्यात विजेच्या मोटरच्या टेस्टिंगला आहे. मला तिथे पोचवणारी वाट भाऊने त्या वॉर्डात मोकळी केली, असंच मी मानते.

भाऊ पुढे जळगावला एका खासगी दवाखान्यात लागला. त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा साक्रीकडच्या एका घरी आम्ही गेलो. चहा झाला आणि मुलीच्या काकांनी विचारलं, "पोऱ्या काय करस?"

मध्यस्थ घाईघाईने म्हणाला, "मोठ्या दवाखान्यात आहे, मेडिकल लाइनला."

नानांनी कप खाली ठेवला. "मना पोऱ्या नर्स शे," ते म्हणाले. "आजारी माणसास्नं बठ्ठं तो करस."

काकांनी मान हलवली, पुढचं बोलणं पावसापाण्यावर गेलं, आणि चार दिवसांनी नकार आला. मायला वाईट वाटलं. नानांना राग आला, पण तो भाऊवर नव्हता.

पुढच्या वर्षी भाऊचं लग्न झालं. वहिनी यावलच्या बाजूची, अंगणवाडीत काम करणारी. तिने बघायच्या कार्यक्रमातच त्याला विचारलं होतं की रात्रपाळी किती असते, आणि थकून आल्यावर तुम्ही चिडता का. भाऊ म्हणाला, पहिला अर्धा तास कुणाशी बोलत नाही, मग ठीक असतो. वहिनी म्हणाली, अर्धा तास चालेल.