साडूंची गुरुवारची मीटिंग

आमच्या साडूंइतक्या नेमाने दारू सोडणारा माणूस उभ्या जालना जिल्ह्यात सापडणार नाही. लोक एकदा सोडतात आणि मोकळे होतात. आमचे साडू पाडव्याला सोडत, पोळ्याला सोडत, दसऱ्याला सोडत, आणि मधे सण नसला तर नुसत्या सोमवारी सोडत. शपथ घेताना हात कशावर ठेवतील याचा भरवसा नसे. एकदा अक्कांच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, डोक्यावर ठेवायला गेले तर त्या म्हणाल्या, "माझं डोकं झालं आता, दुसरं काही बघा." तेव्हा ते शेजाऱ्याच्या गाभण म्हशीवर हात ठेवून आले. टेंभुर्णीला त्यांचं विहिरीच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान. शुद्धीत असले की समोर आलेल्या मोटारीला लेकीसारखं रागावत, "किती बार सांगितलं माय, कोरडी चालू नको म्हणून!" आणि प्यायले की कमालीचे अदबशीर होत. रस्त्यात आडव्या पडलेल्या कुत्र्याला, "सरका जरा साहेब, जाऊ द्या आम्हाला," म्हणत. गाव हसायचं. मीही हसायचो. अक्का हसल्याचं मला आठवत नाही.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. मोटारीत भरायची बारीक तार बोटांत ठरेना, आणि दुकान दुपारपर्यंत बंद राहू लागलं. अशात एका ट्रकवाल्यानं त्यांना सांगितलं, की जालन्यात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते, रविवारी अकराला, एका शाळेत. तिथं फुकट बसतात, बोलतात, आणि कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. मी जालन्यात मास्तर, तेव्हा शोधायचं काम माझ्याकडे आलं. साडू पहिल्या एसटीनं आले, अंगात लग्नातला कोट. शाळा सापडली, पण पाटी कुठं नाही. एका खोलीत पंधरा-वीस माणसं गंभीर चेहऱ्यानं बसलेली दिसली. साडू सरळ आत गेले, मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "मी दारुड्या हाय. वीस वर्सं झाले. सुटून न्हाई राह्यली." शेवटी टेबलामागचे गृहस्थ हळूच म्हणाले, "ठीक आहे. पण तुमचा प्लॉट नंबर?" ती कॉलनीच्या नालीची सभा होती. मी तोंड लपवून बाहेर पळालो. साडूंच्या मागोमाग एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे बाहेर आले, इकडेतिकडे पाहत पुटपुटले, "मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळची खोली. मी बी तिथलाच हाय. इथं कुणाला म्हणू नका."

त्या खोलीत मी गेलो नाही. बाहेर कट्ट्यावर बसलो. तासाभरानं साडू आले. बस स्टँडवर चहा समोर आला तेव्हा म्हणाले, "सर, तिथं एकानं माझंच सांगितलं हो. लेकीच्या लग्नात मी कुठं पडलो होतो, ते. मी तर कुणालाच सांगितलं न्हाई. त्याला कसं कळलं?" आणि लग्नाच्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसत राहिले.

तीन महिने साडूंनी एक रविवार चुकवला नाही. अकराच्या मीटिंगला साडेनवाला पोचत, खोली झाडत, तिथला कुरकुरणारा पंखाही त्यांनी खोलून दुरुस्त केला. अक्का फोनवर बायकोला म्हणाल्या, "घरात आवाज न्हाई गं, भीती वाटती." मग हसनाबादला पुतण्याचं लग्न निघालं. तिथं काय झालं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्यानंतर साडू जालन्याला आले नाहीत. "कोणत्या तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणाले.

पण हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हे. पुन्हा सोमवारी सोडून त्यांनी टेंभुर्णीतच मीटिंग काढली. देवळामागची रिकामी खोली, गुरुवारी संध्याकाळी सहा. गावात पिणारे कोण हे त्यांना तोंडपाठ. एकेकाच्या घरी जाऊन सांगून आले. कुणी आलं नाही. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. "गुत्त्यावर जाताना दिसलं तर चालतंय लोकाला," साडू मला म्हणाले, "इथं येताना दिसलं की लाज वाटती." मी म्हणालो, मी बसतो तुमच्यासमोर. त्यांनी मान हलवली. "तुम्ही पेत न्हाई. तुम्ही ऐकतान, पण तुम्हाला कळणार न्हाई."

गेल्या महिन्यात मी टेंभुर्णीला गेलो तो सुट्टीचा गुरुवार होता. खोली उघडी होती, सतरंजी नीट अंथरलेली, पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला, आणि साडू बाहेर पायरीवर. जवळ गेल्यावर वास आला. "आज मी प्यालोय, सर," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "जालन्यात म्हणायचे, पिऊन आलं तरी येऊ द्यावं. पण माझ्यानं आत बसवंना. तुम्ही बसता का? कुणी आलंच, तर खोली रिकामी दिसू न्हाई."

मी चपला काढून आत बसलो. ऊन भिंतीवरून उतरत गेलं. एकदा रस्त्यावर एक सायकलवाला खोलीसमोर थांबला. साडू धडपडत उभे राहिले. त्यानं वाकून उतरलेली चेन बसवली आणि निघून गेला. साडू बराच वेळ तसेच उभे होते.

सात वाजले. सतरंजीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी.

"पुढल्या गुरुवारी सुट्टी असंल का हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

नव्हती. "आहे," मी म्हणालो.