विहिरीकाठचे तिघे

ओब्दुलिया मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात चित्रं छापायची. चित्रकार लाकडावर कोरून आणत. ही शाई लावून यंत्राचं जड चाक फिरवी आणि ओला कागद दोरीवर टाकी. हात कोपरापर्यंत काळे असायचे. म्हणून लग्नातही ती लांब बाह्या घालून उभी राहिली होती, असं शेजारणी सांगत.

एकदा चित्रकार मिहांगोस मास्तरांनी कोरलेली फळी आणली. उजाड मळ्यातली विहीर, मागे दुभंगलेला डोंगर, काठावर तीन माणसं. एकाचा कान अर्धा तुटलेला.

"कुठलं हो हे, मास्तर?"

"पाहिलं ते कोरलं, दोन्या," मास्तर म्हणाले. बाईला तिकडे मानाने दोन्या म्हणत. " तुम्ही छापा."

मोजक्याच प्रती काढल्या. मास्तरांनी प्रत्येकीवर पेन्सिलीने सही केली आणि रिवाजाप्रमाणे एक छापणारीला दिली. एरवी सह्या करताना त्यांच्या तोंडाला खीळ नसे. त्या दिवशी ते सारखे दाराकडे बघत होते.

प्रती भराभर खपल्या. खिडकीत एकच उरली होती, तेव्हा एक गिऱ्हाईक आलं. त्या चित्रासमोर बराच वेळ उभं राहिलं, मग त्याने टोपी काढली. कान अर्धाच होता.

"छान काढलंय," तो म्हणाला. "बाकीच्या कुठायत?"

"विकल्या गेल्या."

"आणि लाकूड?"

"आहे. प्रती संपल्या की त्यावर छिन्नी मारतो आम्ही. पुन्हा कुणी छापू नये म्हणून."

"मग मारा की. थांबतो मी. मला कसली घाई?"

तिने छिन्नी घेतली. त्याने बोट ठेवलं. "इथून." आधी कान गेला, मग चेहरा. मेजावरच्या ढलप्या त्याने रुमालात गोळा केल्या, खिडकीतली प्रत गुंडाळून काखेत मारली.

"मास्तर अजून चर्चमागेच राहतात ना?" जाताना त्याने विचारलं.

ओब्दुलिया मागच्या दाराने धावली. मास्तरांचं दार सताड उघडं होतं. चुलीवर घेवडा करपत होता. गल्लीच्या टोकाला एक गाडी वळताना दिसली.

"येतील परत. कलाकार माणूस," पोलीस म्हणाले.

तिची स्वतःची प्रत गादीखाली होती. त्या भागात बेपत्ता मुलांच्या आया, कुठे पुरलेलं सापडतं का ते बघायला, जमिनीत लोखंडी सळया खुपसत माळरान धुंडाळत. त्यातली सेन्योरिना पोराच्या फोटोचे फलक छापून घ्यायला यायची. ओब्दुलियाने दार लावून तिच्यापुढे चित्र ठेवलं.

"असा डोंगर नाही गं आमच्याकडे," सेन्योरिना म्हणाली. "सगळा माळ तुडवलाय आम्ही."

मग ओब्दुलियाच्या ध्यानात आलं. मास्तरांनी घाईघाईत पाहिलं तसंच कोरलं असणार, आणि छापताना डावं-उजवं उलटं होतं. तिने कागद पाठमोरा करून खिडकीच्या उजेडात धरला.

सेन्योरिनाने डोंगरावर बोट ठेवलं. "घुबडाचा डोंगर. आमच्या गावामागचाच."

आया दुसऱ्या दिवशी तिथे गेल्या. विहीर दगडांनी बुजवलेली होती. सेन्योरिनाचा पोरगा तळाशी सापडला. त्याच्या वर मास्तर होते.

पोलीस कचेरीतल्या साहेबाने चित्र परत केलं. चित्राला पुरावा म्हणत नाहीत, म्हणाला. मग आयांनी त्याचे मोठाले फोटो काढून गावभर भिंतींवर चिकटवले. लोक त्या भिंतींसमोरून मान खाली घालून जात.

त्याच आठवड्यात ओब्दुलियाने बहिणीकडे तेवांतेपेकला जायला ट्रक बोलावला. कोरे कागद आणि शाईचे डबे चढवले. यंत्र जागचं हलेना, ते राहिलं.

"परत कधी येणार, दोन्या?" शेजारणीने विचारलं.

"बघू," ती म्हणाली आणि ड्रायव्हरला काचा वर करायला सांगितल्या.