लिफ्टमधली मराठी

अंधेरी पूर्वेला, एका औद्योगिक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात मी पाच वर्षं नोकरी केली. लिफ्टच्या आत दरवाजाशेजारी मजल्याचा आकडा आणि बाण दाखवणारा छोटा पडदा असतो ना, तो आम्ही बनवायचो. गाळ्याला एक खिडकी होती, पण एसी बसवताना मालकांनी तिच्यावर प्लायवूड ठोकून ती बंद केली होती. बाजूच्या गाळ्यात पत्र्याचे डबे ठोकायचं मशीन चालायचं. त्याचे ठोके भिंतीतून टेबलात आणि टेबलातून माझ्या कोपरात यायचे. सुट्टीच्या दिवशी मालाडला घरी जेवायला बसलो तरी कोपरात ते जाणवायचे.

मी तीनदा राजीनामा दिला. तिसऱ्या वेळी मालकांनी तो शांतपणे वाचला, त्याची नीट घडी केली आणि माझ्याच शर्टाच्या खिशात सरकवली.

"बोरिवलीचं मराठीचं काम होऊ दे रे. मग खुशाल जा. तू गेलास तर ते करणार कोण?"

खरंच दुसरं कोणी नव्हतं. बोर्ड जोडायला माणसं होती, प्रोग्रॅम लिहिणारा मी एकटाच. मी परत जागेवर येऊन बसलो.

बोरिवलीला एका जुन्या सोसायटीच्या जागी नवी उंच इमारत उभी राहिली होती. राहणारे बहुतेक पूर्वीचेच, कधीकाळी गिरणीत कामाला असलेल्या कोकणातल्या कुटुंबांमधले. लिफ्टमध्ये सगळं मराठीत दिसलं पाहिजे आणि अक्षर वळणदार पाहिजे, अशी सेक्रेटरींची अट होती. मालक लगेच हो म्हणाले. त्यांना वाटलं, फोनवर मराठी दिसतं तसं इथेही दिसेल.

पण आमच्या पडद्यामागची चिप अगदी लहान जिवाची. तिच्यात फॉन्टची फाइल टाकली की झालं, असं नसतं. लागणाऱ्या प्रत्येक अक्षराचं ठिपक्यांचं चित्र करायचं आणि ते चिपच्या स्मृतीत भरायचं. इंग्रजीची अक्षरं मोजकी. मराठीत काने, मात्रे, जोडाक्षरं, सगळ्यांना जागा लागते. पहिल्यांदा मी 'लिफ्ट' लिहिलं तेव्हा वेलांटी 'ल'च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसली आणि 'फ' पाय मोडून उभा राहिला. जोडाक्षरं जुळवायची अक्कल त्या चिपला नव्हती. ती मी माझ्या हाताने भरली. 'फ्ट'चं वेगळं चित्र, 'स्त'चं वेगळं, वेलांटी आधी काढायची आणि अक्षर नंतर. जागा पुरेना, म्हणून आमच्या संदेशांत जी अक्षरं येतात तेवढीच ठेवली, बाकीची काढून टाकली. जे अक्षर स्मृतीत नाही, त्याच्या जागी पडदा एक रिकामी चौकट काढायचा. असे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मी नवी नोकरी शोधणंही सोडून दिलं होतं.

पडदे बसवायच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींचा मालकांना फोन आला. लिफ्ट बंद पडल्यावरचा संदेश त्यांना बदलून हवा होता. मी लिहिलं होतं, 'लिफ्ट थांबली आहे. घाबरू नका. मदत येत आहे.' त्यांना ते रांगडं वाटलं. त्यांनी पाठवलं, 'कृपया शांत राहा. तंत्रज्ञ निघाले आहेत.'

मालक बॅग खांद्याला लावून दारात उभे होते. "चल, बदलून टाक पटकन. पडदे आजच गाडीत गेले पाहिजेत."

"सर, नवी अक्षरं आहेत. फॉन्ट परत बनवावा लागेल. अर्धा दिवस जाईल."

"अरे, एक ओळ तर आहे!"

मी भांडलो नाही. मजकूर बदलला आणि फॉन्ट तसाच राहू दिला. पुढच्या आठवड्यात करू, लिफ्ट काय रोज अडकते, असं मनात म्हटलं. ही चूक मालकांची नव्हती. मला कळत होतं आणि तरी मी ते केलं, कारण मला त्या गाळ्यातून फक्त बाहेर पडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडदे बसले. मजले, दरवाजे, 'वजन जास्त आहे', सगळं झकास दिसत होतं. लॅपटॉप गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चार्जिंगला ठेवून मी खाली सही घ्यायला आलो होतो. परत वर जाताना एक आजी लिफ्टमध्ये शिरल्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, हातात बांगड्यांची पिशवी. म्हणजे मासळीतले बांगडे. त्यांनी नवव्याचं बटण दाबलं आणि पाठ भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. लिफ्टची त्यांना भीती वाटते, हे बघूनच कळत होतं.

पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये वीज गेली.

लिफ्टला एक हिसका बसला, पंखा थांबला. बॅटरीवरचा बारीक दिवा लागला आणि माझा पडदा उजळला. स्पीकरमधून वॉचमनचा आवाज आला, "घाबरू नका, मेकॅनिक निघालाय, जोगेश्वरीहून येतोय." मला हायसं वाटलं. मी आजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले होते, पण स्पीकरकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"आजी, मेकॅनिक येतोय."

"माका ऐकाक येत नाय रे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "अजिबात नाय." मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ह्यां काय लिवलाहा?"

मी पाहिलं. 'कृ'च्या जागी चौकट, 'प'च्या जागी चौकट, 'श' नाही, 'त्र' नाही, 'ज्ञ' नाही. चौकटींच्या त्या गर्दीत धड शब्द तेवढे उरले होते. आजी डोळे बारीक करून एकेक अक्षर लावत वाचू लागल्या.

"राहा..." त्या थांबल्या. "निघाले आहेत." माझ्याकडे वळल्या. "सगळे निघाले? आणि आपण हयच रवायचा?"

मी दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत राहिलो. त्यांना ते दिसत होतं, पण त्यांचा विश्वास त्या छापील अक्षरांवर होता. दर काही सेकंदांनी पडदा मिटायचा आणि पुन्हा तेच सांगायचा. राहा. निघाले आहेत. आजींचा श्वास जोरात चालायला लागला. त्यांनी दारावर थापा मारल्या, कोणाला तरी हाका मारल्या, आणि मग पिशवी छातीशी धरून खालीच बसल्या.

पडदा बंद करायचा तर लॅपटॉप वर. हाताने फोडावा असंही क्षणभर वाटलं. मग खिशातलं डिलिव्हरी चलन काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आजी, घाबरू नका. मदत येत आहे.' त्यांनी ते हातात घेतलं, ओठ हलवत वाचलं.

"तुका कसा कळला?"

मी स्पीकरकडे बोट दाखवलं, कानाला हात लावला. त्यांनी मान हलवली, पण पुन्हा पडद्याकडे बोट केलं. "मग ह्यां असा कित्याक सांगता?"

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. मी कागद परत घेतला आणि खाली लिहिलं, 'ते मशीन मी बनवलंय. अक्षरं माझी चुकली.'

त्यांनी वाचलं. "तू बनवलंस? मग उघड दार."

दार माझं नव्हतं, मला फक्त अक्षरं येत होती, आणि तीही धड नाही. हे त्यांना कसं लिहून सांगायचं, मला सुचलं नाही. मी नुसती मान हलवली. माझ्या बॅगेत काळी चिकटपट्टी होती. मी तो कागद फाडून वरच्या ओळी पडद्यावर चिकटवल्या, चारही बाजूंनी घट्ट, मागचा उजेड दिसणार नाही अशा. मग आजींच्या शेजारी बसलो.

सव्वा तास आम्ही तसे बसलो होतो. गरम होत होतं, आणि बांगड्यांचा वास वाढत चालला होता. आजी मध्येच पिशवी उघडून बघायच्या आणि चुकचुकायच्या. एकदा मला विचारलं, "घराक कोण आसा तुझ्या?" मी बोटाने हवेत 'आई' लिहिलं. त्यांनी ते लगेच ओळखलं. नंतर त्यांनी माझं मनगट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. मलाही त्यांची गरज होती. दाराची फट बघून माझ्या छातीत जे होत होतं, ते त्या गाळ्यात पाच वर्षं होत होतं. फक्त तिथे मी संध्याकाळी घरी जायचो, म्हणून ते कळलं नव्हतं.

मेकॅनिक आला, वरून हाताने लिफ्ट सहाव्यावर आणली, दार उघडलं. आजी उठल्या, पिशवी घेतली आणि एकदाही मागे न बघता जिन्याने तीन मजले चढून गेल्या.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "दोनचार अक्षरं दिसली नाहीत, एवढं काय?" सगळी मराठी अक्षरं बसवायला जागा हवी होती. लिफ्ट सुरू होताना पडद्यावर आमच्या कंपनीचं फिरणारं चिन्ह यायचं, ते मालकांचं फार लाडकं आणि भरपूर जागा खाणारं. मी ते काढून टाकलं. कोणाला विचारलं नाही. त्या जागेत पूर्ण वर्णमाला बसली, जोडाक्षरांसकट. अडकल्यावरचा संदेशही मी माझाच परत घातला. मालकांनी चिन्हावरून तीन दिवस अबोला धरला. सेक्रेटरींना मी काय झालं ते सांगितलं तेव्हा त्यांनी माझा संदेश तसाच राहू दिला.

दोन आठवड्यांनी नवे पडदे तपासायला गेलो. वॉचमनला आजींबद्दल विचारलं.

"त्या खाली येतच नाहीत आता. गुडघे दुखतात, जिना होत नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. मासळी बाजूच्या ताई आणून देतात."

माझी वाट लागली. मी तडक वर गेलो. दार त्यांनीच उघडलं, मला ओळखलं, आत घेतलं, चहा दिला. मी वही घेऊन गेलो होतो. लिहिलं, 'आजी, अक्षरं नीट केली. चला, बघा.' त्यांनी वाचून वही परत दिली. "नको रे झिला." मी पुढच्या खेपेला पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्यालाही. दर वेळी चहा आणि दर वेळी नको. मी आग्रह करणं सोडलं. नुसता बसायचो. नवव्या मजल्यावरच्या त्या खोलीत खिडकी मोठी होती, तिच्यातून राष्ट्रीय उद्यानाची झाडी दिसायची, आणि आजी दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या.

चौथ्या खेपेला मी निघालो तर त्या चप्पल घालून मागे आल्या. लिफ्टपाशी उभ्या राहिल्या. मी पडदा तपासायचं मेकॅनिकचं बटण दाबून धरलं आणि अडकल्यावरचा तो संदेश पडद्यावर आणून दाखवला. त्यांनी दाराबाहेरूनच तो सावकाश वाचला, शेवटच्या 'आहे'पर्यंत. मग माझं मनगट पकडलं आणि आत पाय टाकला.

मी तळमजल्याचं बटण दाबायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः आठ दाबलं. एक मजला. दार उघडताच त्या बाहेर पडल्या, कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"आज एवढाच," त्या म्हणाल्या, आणि जिन्याकडे वळल्या.